लग्नाचा व्हिडिओ पन्नास वर्षं टिकवायचा, तर कशात ठेवावा?

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब साड्या निवडण्यात अख्खा दिवस घालवतं. व्हिडिओवाल्याशी बोलणं मात्र दहा मिनिटांत उरकतं. कॅमेरे किती, ड्रोन आहे का, प्री-वेडिंग पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं, आणि शेवटी पैसे किती. तयार व्हिडिओ हातात कशात मिळणार, हे क्वचितच कुणी विचारतं. मग सहा महिन्यांनी एक पेन ड्राइव्ह घरी येतो, दोन-तीन वेळा टीव्हीला लावून सगळे बघतात आणि तो कपाटातल्या दागिन्यांच्या डबीत जाऊन बसतो.

त्याच कपाटात बऱ्याचदा आणखी एक वस्तू असते. आज ज्यांच्या मुलांची लग्नं होतायत, त्यांची स्वतःची लग्नं १९९०च्या दशकातली. म्हणजे काळी, जाडजूड व्हीएचएस कॅसेट. ती वाजवायला व्हीसीआर नाही, व्हीसीआर असला तर चालत नाही, पण टाकवतही नाही. कारण त्या कॅसेटमध्ये मारुतीच्या पारापासून निघालेला परण्या आहे, अक्षता टाकणारे आजोबा आहेत, आणि आता हयात नसलेल्या आत्याचा आवाज आहे. फोटोत चेहरा राहतो. माणूस चालायचा कसा, हसायचा कसा, हाक कशी मारायचा, हे मात्र अनेक घरांत फक्त त्या एका कॅसेटमध्ये उरलेलं असतं.

त्यामुळे ‘लग्नाचा व्हिडिओ कायमचा टिकणारा फॉरमॅट कोणता’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. जुनं वाचवायचं कसं आणि नवं ठेवायचं कशात? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. त्यातलं पहिलं काम जास्त घाईचं आहे.

‘फॉरमॅट’ म्हणजे नेमकं काय?

दुकानात फॉरमॅट हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ‘सीडीत देऊ की पेन ड्राइव्हमध्ये?’ हाही फॉरमॅट, आणि ‘एमपी४ देऊ की एमकेव्ही?’ हाही फॉरमॅट. गोंधळ इथूनच सुरू होतो.

मराठवाड्याच्या माणसाला यातला फरक समजायला एक ताजं उदाहरण पुरेसं आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा जुनी दप्तरं बाहेर निघाली. कागद होते, शाईही दिसत होती. पण नोंदी मोडी आणि उर्दूत असल्यामुळे त्या वाचणारी माणसं शोधावी लागली. कागद टिकला, तरी लिपी वाचणारे कमी झाले होते.

व्हिडिओचंही तसंच आहे. कॅसेट, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क हा झाला कागद. चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने आकड्यांत लिहिलेले असतात, ती झाली लिपी. तिला कोडेक म्हणतात. एच.२६४ हे अशा एका लिपीचं नाव. आणि चित्र, आवाज, तारखा असं सगळं एकत्र बांधणारी वही म्हणजे एमपी४ किंवा एमकेव्ही. कागद फाटला तर व्हिडिओ जातो, आणि कागद शाबूत राहूनही लिपी वाचणारं यंत्र उरलं नाही तरीही जातो.

इंग्लंडमध्ये याचा धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. १०८६ साली तिथल्या राजाने देशभरातल्या जमिनींची मोजदाद करून ‘डोम्सडे बुक’ लिहून घेतलं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लोकांकडून गावोगावची माहिती, फोटो आणि नकाशे गोळा करून ते लेझर डिस्कवर ठेवले. पंधरा-सोळा वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रं इतकी दुर्मीळ झाली, की सगळा मजकूर वाचवण्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली. ९०० वर्षांपूर्वीचं चर्मपत्र मात्र तोवरही वाचता येत होतं.

कॅसेटची घाई का?

व्हीएचएस ही जपानच्या जेव्हीसी कंपनीची पद्धत, १९७६ मध्ये बाजारात आलेली. भारतात १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं, त्यानंतर व्हीसीआरचं वेड पसरलं आणि हळूहळू लग्नाच्या मांडवात खांद्यावर कॅमेरा आणि हातात झगझगीत हॅलोजनचा दिवा घेतलेला व्हिडिओवाला दिसू लागला. तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं मावायचं.

कॅसेटमधली फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्यात बसवलेले चुंबकीय कण. चित्र साठतं ते या कणांत. हवेतला दमटपणा या चिकटद्रव्यात शिरतो आणि ते हळूहळू मऊ पडतं. मग फीत चालताना चिकटते, तिचा थर निघतो आणि यंत्राच्या हेडवर काळपट चिखल जमतो. दुसरा शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे डाग दिसले, तर ती बुरशी समजावी. तिसरा शत्रू उष्णता. अभिलेखागारांत फिती साधारण १५ ते २० अंशांत आणि कोरड्या हवेत ठेवतात. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४३च्या पुढे जातो, आणि कॅसेट असते पत्र्याखालच्या माळ्यावर. तिथलं तापमान किती असेल, याचा अंदाज कुणालाही येईल. त्यानंतर चार महिने पावसाळा. तीस वर्षं हे चक्र सोसून फीत शाबूत असेल, तर ती चांगल्या प्रतीची होती असंच म्हणायचं.

पण फितीपेक्षाही मोठी अडचण यंत्राची आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई जुलै २०१६ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. आता जे व्हीसीआर आहेत ते सगळे जुने आहेत. त्यांचे रबरी पट्टे सैल झालेले, हेड झिजलेले, सुटे भाग मिळत नाहीत आणि ते दुरुस्त करणारे कारागीर साठीच्या पुढे गेलेले. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनी-चित्र अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभर इशारा दिला होता, की चुंबकीय फितींवरचं वाचवण्याची संधी २०२५च्या आसपास संपत जाईल. हा इशारा ग्रंथालयं आणि संग्रहालयांसाठी होता. घरातल्या कपाटाला तो जास्तच लागू पडतो, कारण तिथे ना वातानुकूलन असतं ना सुटे भाग.

मिनी-डीव्ही आणि हाय-८ या छोट्या कॅसेटचंही हेच. त्यातली मिनी-डीव्ही फीत आतून डिजिटल असते. त्यामुळे फीत बरी असेल आणि चालू कॅमेरा मिळाला, तर त्यातलं जसंच्या तसं, घट न होता, संगणकात उतरवता येतं. एका तासाचे सुमारे १३ जीबी होतात.

कॅसेट उतरवून घेताना काय बघावं?

सगळ्यात आधी कॅसेटच्या कण्याच्या बाजूला, कोपऱ्यात, प्लास्टिकची एक छोटी चौकोनी टिकली असते, ती तोडून टाकावी. ती तुटली की त्या कॅसेटवर नवीन काही रेकॉर्ड होत नाही. लग्नाच्या कॅसेटवर चुकून क्रिकेटचा सामना चढल्याचे किस्से नव्वदच्या दशकातल्या अनेक घरांत आहेत. तीस वर्षांनी ती चूक पुन्हा व्हायला नको.

बुरशी दिसत असेल तर ‘एकदा लावून बघू’ हा मोह टाळावा. बुरशीची भुकटी यंत्रात पसरते, हेडला चिकटते आणि नंतर लावलेल्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटलाही लागते. फीत कमजोर झाली असेल तर ती तुटतेही. अशी कॅसेट आधी स्वच्छ करून मगच चालवणाऱ्या माणसाकडे द्यावी, मग त्यासाठी पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला पाठवावी लागली तरी चालेल.

दुकानदाराला सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या आधी सांगाव्या लागतात. आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रं दाखवणारी. उतरवताना चित्राचा आकार ७२० बाय ५७६ ठेवावा आणि उंची-रुंदीचं प्रमाण जुन्या टीव्हीसारखं चारास तीन. अनेक ठिकाणी आजच्या रुंद टीव्हीवर पडदा भरून दिसावा म्हणून चित्र आडवं ताणून देतात, आणि अख्खं वऱ्हाड बुटकं नि जाड दिसायला लागतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

‘एआय’ने फोर-के करून देतो, असंही आता सांगितलं जातं. बघायला वेगळी प्रत म्हणून हवं तर घ्यावं. पण मूळ प्रत म्हणून कधीही नाही. व्हीएचएसच्या धूसर चित्रात चेहऱ्याचे जे बारकावे नोंदलेलेच नाहीत, ते हे सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. परिणाम असा, की आजीचा चेहरा स्पष्ट होतो, पण तो आजीचा राहतोच असं नाही.

फाइल घेताना एमपी४ वहीत एच.२६४ लिपी घ्यावी आणि सेकंदाला साधारण ८ मेगाबिट एवढा दर मागावा. हिशेब सोपा आहे. या दराने तासाला सुमारे ३.६ जीबी, म्हणजे तीन तासांची कॅसेट ११ जीबीत बसते. तीच कॅसेट एक-दीड जीबीत ‘बसवून’ दिली असेल, तर चित्रातलं बरंच काही फेकून दिलेलं आहे. ज्यांना अभिलेखागारासारखंच काम हवं आहे, त्यांच्यासाठी एमकेव्ही वहीत एफएफव्ही१ लिपी आहे. तिच्यात एक बिंदूही गमावला जात नाही, तिचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे आणि २०२१ मध्ये तो इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. पण तीन तासांना शंभर जीबीच्या आसपास जागा लागते आणि ती फाइल टीव्हीवर थेट चालेलच असं नाही. बहुतेक घरांना चांगल्या दराची एमपी४ पुरेशी आहे.

एक गोष्ट आवर्जून तपासावी. २००० नंतर अनेकांनी कॅसेटची व्हीसीडी करून घेतली आणि आता ते तीच सीडी दुकानात नेतात. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं, म्हणजे मूळ चित्राच्या जवळपास एक चतुर्थांश बिंदू. सातबाराच्या झेरॉक्सवरून पुन्हा झेरॉक्स काढण्यासारखंच हे. कॅसेट घरात असेल तर सीडी बाजूला ठेवून कॅसेटच द्यावी.

डीव्हीडी तरी सुरक्षित आहे ना?

साधारण २००३ ते २०१५ या काळातल्या लग्नांचे व्हिडिओ डीव्हीडीत आहेत, वधू-वरांचा फोटो छापलेल्या सुंदर डबीत. सिनेमाची विकत मिळणारी डीव्हीडी कारखान्यात ठसा उठवून तयार होते. लग्नाची डीव्हीडी मात्र दुकानातल्या संगणकावर ‘बर्न’ केलेली असते. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि हलक्या प्रतीची डिस्क यांमुळे हा रंग उडतो. वरून पाहता डिस्क कोरी करकरीत दिसते आणि नेमकी सप्तपदीच्या वेळी अडकते.

त्यामुळे डीव्हीडीतलं आजच संगणकात उतरवावं. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीची खाच नसते, पण यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. डिस्क उघडल्यावर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर दिसतं. ते आहे तसं अख्खं कॉपी करावं. त्यातल्या फाइल एमपीईजी-२ या लिपीतल्या असतात. ही लिपी जुनी आहे, पण आजही बहुतेक सगळी सॉफ्टवेअर ती वाचतात. ‘नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घेऊ’ म्हणून ती पुन्हा दाबायची गरज नाही. प्रत्येक बदलात थोडं चित्र जातं. मोबाइलवर बघायला एमपी४ प्रत वेगळी काढावी, मूळ फाइल तशीच राहू द्यावी.

डिस्कच्या जिवावर पुढची वर्षं काढता येणार नाहीत, हे उद्योगानेही मान्य केलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनी-डीव्ही कॅसेट या दोन्हींचं उत्पादन बंद केलं.

आजच्या लग्नाचं काय?

पेन ड्राइव्ह ही व्हिडिओ घरी पोहोचवण्याची पिशवी आहे, ठेवायची तिजोरी नव्हे. त्यातल्या चिपमध्ये विजेचा सूक्ष्म भार अडकवून माहिती साठवतात. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला, की तो भार गळतो, उष्णतेत जरा जास्तच. दुकानातून भेट म्हणून मिळणारा, नाव कोरलेला लाकडी पेन ड्राइव्ह आतून बहुधा सगळ्यात स्वस्त चिपचा असतो.

फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क त्याहून बरी, आणि मोठ्या फाइलसाठी परवडणारीही. पण ती यंत्र आहे. टेबलावरून पडली की गेली, आणि चार-पाच वर्षांनी बदलायची तयारी ठेवावी. मराठवाड्यात वीज वर-खाली होते तेव्हा ती संगणकाला कायम जोडून ठेवणं हाही धोकाच. काम झालं की काढून कपाटात.

गुगल ड्राइव्हची लिंक ही आजची नवी पद्धत. लिंक व्हिडिओवाल्याच्या खात्यातून आलेली असेल, तर त्याने जागेचे पैसे भरणं थांबवलं किंवा पुढच्या हंगामासाठी जागा रिकामी केली, की लिंक मेली. आपल्या खात्यात १५ जीबी मोफत मिळतात, त्यात ईमेलही येतो. शिवाय दोन वर्षं कुणी न वापरलेलं खातं आणि त्यातलं सगळं पुसून टाकण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणलं आहे. पैसे भरून घेतलेली जागा चांगली आहे, पण ती घराबाहेरची एक प्रत म्हणून. पासवर्ड एकट्या नवऱ्याला माहीत आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, अशी व्यवस्था असेल तर त्याच्या पश्चात ती तिजोरी कुणालाच उघडता येत नाही.

यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलेला व्हिडिओ नातेवाइकांना दाखवायला उत्तम. पण यूट्यूब चित्र पुन्हा दाबतं, आणि वरातीत वाजलेल्या सिनेमाच्या गाण्यावर हक्काचा दावा आला तर तेवढा आवाज बंद करावा लागू शकतो. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल तर फारच आकसते. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, तशी २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

लिपीचा प्रश्न इथे तुलनेने सोपा आहे. एच.२६४ मधली एमपी४ फाइल आज जवळपास प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि संगणकावर चालते. जगभरातल्या अब्जावधी फाइल ज्या लिपीत आहेत, ती वाचणारं सॉफ्टवेअर एका रात्रीत नाहीसं होत नाही. मोडी मागे पडली ती रोजच्या वापरातून गेल्यावर, त्यामुळे लोकप्रियता हाच इथे सगळ्यात भरवशाचा गुण आहे. नव्या आयफोनमधलं आणि कॅमेऱ्यांतलं चित्रीकरण एच.२६५ मध्ये असतं, तेही चालेल. फक्त ते जुन्या लिपीत बदलण्याच्या फंदात पडू नये, जसं कॅमेऱ्यातून आलं तसंच ठेवावं.

व्हिडिओवाल्याकडून नेमकं काय मागून घ्यावं?

आजच्या लग्नाच्या ‘फिल्म’मध्ये एक उणीव आहे आणि ती फॉरमॅटपेक्षा मोठी आहे. पाच मिनिटांची हायलाइट असो की चाळीस मिनिटांची सिनेमॅटिक, तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणं चढवलेलं असतं. हळद लावणाऱ्या बायका ओव्या म्हणत असतात, मामा भटजींशी हुज्जत घालत असतात, पाठवणीच्या वेळी आई मुलीच्या कानात काही सांगत असते. आणि वर एखादं रिमिक्स वाजत असतं. १९९४ची कॅसेट चित्राने सुमार, पण आवाजाने खरी होती. २०२५चा व्हिडिओ चित्राने लखलखीत आणि आवाजाने मुका असतो.

म्हणून करार करतानाच सांगावं, की संपादित फिल्मशिवाय मुख्य विधींचं मूळ चित्रीकरण, कॅमेऱ्याच्या आवाजासकट, न कापता आम्हाला हवं. हे दिवस उलटल्यावर मागून मिळत नाही, कारण हंगाम संपता संपता स्टुडिओला डिस्क रिकाम्या कराव्याच लागतात आणि त्यात त्यांची चूकही नाही. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने झालं असेल, तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेऱ्यांचे प्रत्येकी पाच तास धरले तर साडेचारशे जीबी. एक टीबीची कोरी हार्ड डिस्क आपणच विकत घेऊन व्हिडिओवाल्याच्या हाती दिली, तर तोही नाही म्हणत नाही. लग्नाच्या एकूण खर्चात ही रक्कम घोड्याच्या भाड्यापुढेही किरकोळ आहे.

एक प्रत म्हणजे शून्य प्रत

३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणेश विसर्जनानंतरची. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवच्या सीमेवरच्या गावांत दगड-मातीची जाड भिंतींची घरं माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या ढिगाऱ्यांखाली लग्नाचे अल्बमही गेले. ज्यांच्याकडे गेलेल्या माणसाचा एकही फोटो उरला नाही, त्यांना तो मिळण्याची एकच शक्यता होती: दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या घरी असलेली प्रत.

जगभरचे अभिलेखपाल आज जो नियम सांगतात, तो याहून वेगळा नाही. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तीन-दोन-एक असा तो लक्षात राहतो. दुसरं ठिकाण म्हणजे दुसरी खोली नव्हे. गोदावरीला पूर आला आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नांदेडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं; तिथे तळमजल्यावरची आणि पहिल्या मजल्यावरची प्रत यांत फरक असेलही, पण चोरी आणि आग दोन्हींना सारखीच गाठते. लग्नात मात्र ही सोय आपोआप असते, कारण घरं दोन असतात. मुलगी नांदेडची आणि मुलगा लातूरचा असेल, तर एक हार्ड डिस्क माहेरी, एक सासरी आणि तिसरी प्रत पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाकडे किंवा क्लाउडवर. एकाच नदीचा पूर आणि एकच भूकंप या तिघांना एकदम गाठणार नाही.

प्रत ठेवून विसरणं हीच यातली खरी मेख आहे. हार्ड डिस्क बंद पडते तेव्हा आधी निरोप देत नाही. खंडेनवमीला घरातली अवजारं आणि यंत्रं पुसून पुजली जातात. त्याच दिवशी डिस्क लावून व्हिडिओची सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून पाहावा. दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत करावी आणि नवी तपासून झाल्यावरच जुनी निकालात काढावी. संगणकाची सवय असणाऱ्यांनी फाइलचा ‘चेकसम’ काढून ठेवावा. तो फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. एक बिट बदलला तरी ठसा जुळत नाही.

आणि त्यात दिसतंय कोण?

जुनी कॅसेट उतरवून आणली की ती एकट्याने बघू नये. आई-वडील, काका-मावशी असं जे कोणी आहेत त्यांना समोर बसवावं, व्हिडिओ चालू ठेवावा आणि शेजारी मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं. ‘हा बघ, हा उदगीरचा तात्या’, ‘ही तुझ्या आजीची मावसबहीण, हिनेच स्थळ आणलं होतं’. ही नावं कॅसेटवर कुठेही लिहिलेली नाहीत आणि ती सांगणारी माणसं कॅसेटइतकीच जुनी आहेत. त्यातून तयार झालेली यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि एक कागदावर लिहून अल्बममध्ये. फोल्डरला ‘न्यू फोल्डर २’ऐवजी लग्नाची तारीख, गाव आणि दोघांची नावं द्यावीत.

कॅसेट मात्र व्हिडिओ उतरवून झाला तरी टाकू नये. पुढे कुणाकडे आणखी चांगलं यंत्र मिळालं, तर मूळ तिथेच आहे. एकदा पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, डबीत बंद करून, पत्र्याखालचा माळा सोडून घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवावी. सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि ती दर पावसाळ्याआधी बदलावी.